रुसलेल्या बंगल्याला टॉवेल-टोपी

कोरेगावच्या अलीकडे, सातारा रस्त्याला लागून, सुभेदार अर्जुना नलवडे यांचा बंगला आहे. गेटवर पितळी अक्षरांत ‘छावणी’ असं नाव. तो दिसला की एसटीतली म्हातारी माणसं खिडकीतून हात जोडतात आणि आया पोरांची तोंडं दुसरीकडे वळवतात. बंगला झपाटलेला आहे हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त कुणी झपाटलाय आणि कशापायी, हे कुणालाच धड माहीत नाही. सुभेदारांच्या बायकोला, लीलाबाईंना, तेवढं माहीत आहे, पण त्या सांगत नाहीत.

बंगला आहे त्यांच्याच नावावर. त्यात बायकोच्या मानापेक्षा, बाईच्या नावाने घेतलं की स्टॅम्प ड्युटीत मिळते त्या सवलतीचा वाटा मोठा. सुभेदारांनी उमेदीची वर्षं फौजेत काढली, पेन्शनीत आल्यावर ऊस लावला आणि ऊस चांगला आला तेव्हा घराचं काढलं. पोरगा जयराज पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. तो म्हणाला, “आबा, आता साधं घर नको. विचार करणारं घर बांधू.” घरात विचार करणारं कुणीतरी असलेलं बरं, असं सुभेदारांनाही वाटलं. त्यांनी लगेच होकार दिला.

शिरवळच्या एका कंपनीने घराचा मेंदू बसवला. गच्चीवरच्या खोलीत, लोखंडी दाराआड, फ्रीजएवढी एक पेटी. बसवायला आलेली इंजिनिअर मुलगी सांगलीची, प्रियदर्शनी मगदूम. तिने समजावून सांगितलं, “काकू, हे घर आत्ता तान्ह्या बाळासारखं आहे. तुमची माणसं कशी बोलतात, कशी वागतात, त्याचे असतील तेवढे व्हिडिओ द्या. ते बघून बघून घर शिकेल.”

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे रोजच्या जगण्याचा व्हिडिओ कोण काढतं? भाकरी थापताना, भांडी घासताना, दुपारी पंख्याखाली लवंडलेलं असताना कॅमेरा लावून बसायला कुणाला सवड आहे? कॅमेरा आपल्या घरात शिरतो तो एकाच दिवशी, लग्नाच्या. जयराजने सातारा-सांगली पालथं घालून पाहुण्यारावळ्यांकडून लग्नाच्या कॅसेटी, सीड्या, पेनड्राइव्ह गोळा केले आणि सगळं त्या पेटीला खाऊ घातलं. घराने ही माणसं पाहिली ती भरजरी कपड्यांत, सनईच्या गोंगाटात, एकमेकांचे मानपान मोजताना. काही कार्य नसलेल्या साध्या मंगळवारी ती कशी दिसतात, हे त्याने कधी पाहिलंच नाही.

आणि या प्रत्येक व्हिडिओत एक माणूस होता. लीलाबाईंचा थोरला भाऊ, गुंडामामा. मिरजेजवळच्या गावचा. तंबोऱ्यांच्या गावाला खेटून जन्म काढला, पण सूर म्हणून कधी लागला नाही. आवाज असा की बँडवालेही दचकून मागे वळत. हा माणूस प्रत्येक लग्नात रुसायचा. एकदा टॉवेल टर्किश नव्हता म्हणून. एकदा फेटा आपल्याआधी नवऱ्याच्या चुलत मेहुण्याला बांधला म्हणून. एकदा तर माइकवरून आपलं नाव पाण्याच्या टँकरवाल्याच्या नंतर पुकारलं म्हणून. रुसला की “आमाला हितं कोण इचारतंय?” असं कॅमेऱ्यासमोर गरजायचा आणि मांडवामागे, आचाऱ्याच्या भट्टीजवळ, उपड्या क्रेटवर जाऊन बसायचा. मग सगळं लग्न, कॅमेऱ्यासकट, त्याच्या मागे. घर व्हायच्या तीन वर्षं आधी तो उसाला पाणी देता देता गेला. त्या दिवशी मात्र तो कुणावर रुसलेला नव्हता.

घराला कुठला आवाज द्यायचा, हे त्या पेटीने आपलं आपणच ठरवलं. जो सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात मोठ्याने ऐकला, तो तिने उचलला.

वास्तुशांतीला अख्खा गाव लोटला होता. भटजींनी नारळ वाढवला, जयराजने कौतुकाने हाक मारली, “छावणी, पाहुण्यांशी बोल की!” आणि दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळ्या स्पीकरांतून एकदम आवाज घुमला,

“आमाला हितं कोण इचारतंय?”

पंगत जागच्या जागी उठली. माणसं जिलेबीची पानं टाकून पळाली. भटजी दक्षिणा न घेता गेले, यावरून काय ते समजा. लीलाबाईंच्या हातात आमटीची पळी होती, ती तशीच राहिली. तीन वर्षं त्या या आवाजासाठी तळमळत होत्या. त्यांचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की उरलेल्या बुंदीचं काय करायचं, आणि त्या पदराला नाक पुसून बुंदीकडे धावल्या.

पुढे महिनोन्‌महिने त्या घरात रोज लग्न होतं. सकाळी सनई. सुभेदार मोरीत असले की पुकारा व्हायचा, “वधूपित्यानं त्वरित स्टेजवर यावं, गुरुजी खोळंबल्यात!” दूध घालायला येणाऱ्याचं स्वागत “दूध संस्थेचे आधारस्तंभ” म्हणून, टाळ्यांसकट. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसामागे घराने गेटच लावून घेतलं. “कुनीबी जेवल्याबिगर जाऊ नये, ही नम्र इनंती.” तो बिचारा जेवला, सुटला आणि तालुकाभर सांगत फिरला की बंगला भुताचा आहे, पण आमटी झकास असते.

प्रियदर्शनी म्हणाली, “काकू, आवाज बदलून देऊ का? एखादा गोड बाईचा आहे.”

“ऱ्हाऊ दे,” लीलाबाई म्हणाल्या. “गोड बोलून कुनाचं काय भलं झालंय?”

असं सगळं चाललं होतं, तोवर अंकिताचं लग्न ठरलं. अंकिता म्हणजे जयराजची धाकटी बहीण. मिरजेत एका दवाखान्यात औषधांच्या दुकानावर होती. मुलगा सांगलीचा, धैर्यशील, साखर कारखान्यात केमिस्ट. मुलगा साधा, बोलायला हसरा आणि अंकिताला मनापासून आवडलेला. वाटाणे सोलता सोलता तिने आईला तसं सांगितलंही होतं. सांगताना कान लाल झाले होते. लीलाबाईंनी तेव्हाच मनात गाठ मारली की काहीही होवो, ही सोयरीक मोडू द्यायची नाही.

मोडण्यासारखं एकच होतं. सुपारी फोडताना धैर्यशीलच्या आईने लीलाबाईंना बाजूला घेतलं. “इहीनबाई, आमाला सगळं पसंत हाय. पर तुमच्या बंगल्याचं जे कानावर आलंय, ते खरं न्हाई न्हवं? भुताखेताच्या घरातली पोरगी आमच्यात घेत न्हाईत.”

“तसलं काय बी न्हाई,” लीलाबाई देवाची शपथ घेऊन म्हणाल्या. घर त्या वेळी गप्प होतं, कारण जयराज स्पीकरची वायर काढून खिशात घालून बसला होता.

मग पत्रिका छापून आली. आपल्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीला शोधावं लागतं, एवढी बाकीची नावं. निमंत्रक, स्वागतोत्सुक, आपले विनीत, आणि तळाशी ‘मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी, अजून दात न आलेली पोरं. सुभेदारांनी रिवाजाप्रमाणे एक पत्रिका देवापुढे ठेवली. देवघरातल्या कॅमेऱ्याने ती वाचली, मोठ्याने, पहिल्या अक्षरापासून. वाचता वाचता ‘कै. गुंडा यांच्या शुभाशीर्वादाने’ इथे घर अडखळलं.

“आमाला कैलासवासी केलंसा?” घर म्हणालं. “आन् बंगल्याचं नाव कुठं? व्हिडिओवाल्याच्या फोन नंबरच्या खाली! बरं, बरं.”

त्यानंतर ते एक शब्द बोललं नाही. दिवे लागत होते, नळ येत होते, पण सनई बंद. जयराजला वाटलं, सुटलो. लीलाबाई मात्र येताजाता भिंतींकडे बघू लागल्या. दादाचा रुसवा त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, आणि त्याची सुरुवात अशा “बरं, बरं”नेच व्हायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळी मंडळी बाहेर अंगणात. मुहूर्त दुपारचा, कार्यालय कोरेगावात, गाड्या लागलेल्या. वर फक्त अंकिता आणि तिला सजवणारी पार्लरवाली. पार्लरवालीच्या पिना संपल्या म्हणून ती खाली गाडीतला डबा घ्यायला आली, आणि तिच्यामागे दार खाडकन बंद झालं. पाठोपाठ मागचं दार. मग गॅलरीचं. मग गच्चीवरचं. आणि आवाज आला,

“आमाला हितं कोण इचारतंय?”

अंकिता वरच्या खिडकीच्या गजांतून बघत होती. अर्धे केस बांधलेले, अर्धे सुटे. “आई! दार उघडत नाही गं!”

जयराजने मोबाइल काढला. घर उघडायचं ॲप त्यात होतं. त्याने बोट दाबलं, तर पडद्यावर अक्षरं उमटली, ‘मामांच्या परवानगीशिवाय वधूस मंडपात नेता येत नाही.’ शास्त्राने ते बरोबरच होतं. नवरीला मांडवात मामाच आणतो.

“पप्पूगिरी बास!” सुभेदार गरजले. जयराजचं पाळण्यातलं नाव पप्पू होतं. “ह्यो आता लष्करी मामला हाय.”

त्यांनी मांडववाल्याला आणि जयराजला फळीत उभं केलं, काडीने जमिनीवर नकाशा काढला. शिडी पश्चिमेकडून, ते स्वतः पूर्वेकडून जमिनीला पोट लावून, कॅमेऱ्याच्या नजरेखालून. अंगात लग्नासाठी शिवलेला पांढराशुभ्र सफारी, डोक्याला फेटा, आणि वधूपिता तुळशीवृंदावनामागून कोपरांवर सरपटतोय. अर्ध्या वाटेत घराने स्पीकर खुलवले. “वधूपिता सुभेदार अर्जुनराव नलवडे यांचं मांडवात आगमन होत हाय! जोरदार टाळ्या!” बँडवाले आधीच येऊन बसले होते. त्यांना वाटलं इशारा झाला. त्यांनी सुरुवात केली. त्या गजरात घराने बागेचे सगळे फवारे सोडले. सुभेदार उठले तेव्हा सफारीचा रंग ओळखू येत नव्हता.

“ही माघार न्हाई,” ते फेटा पिळत म्हणाले. “ही फेरमांडणी हाय.”

इकडे लीलाबाईंची तऱ्हा वेगळीच होती. घर रुसलं म्हणून बाकीची कामं थोडीच थांबतात? कुणाला चहा हवा, कुणाची साखरेची गोळी चुकलेली, रुखवताचं सामान टेंपोत चढलं की नाही, बँडवाल्यांना नाश्ता मिळाला का. त्या घरापुढे येऊन हात जोडायच्या, “दादा, आसं करू नगं, पोरीचं लगीन हाय,” आणि घर काही म्हणायच्या आत मागून हाक यायची, “आवं वहिनी, उपिटात मीठ हाय का?” की त्या पळायच्या. कार्यालयातून विहीणबाईंचे फोन येत होते. “निगालाय न्हवं?” “व्हय व्हय, वाटंतच हाय,” लीलाबाई बंद दारापुढे उभं राहून सांगायच्या, आणि खोटं बोलताना त्यांना दरदरून घाम फुटायचा.

कुणीतरी उत्साहाने एक देवऋषी गाठून आणला. तो लिंबू कापणार, तेवढ्यात घर म्हणालं, “भगत मंडळींनी पयल्या पंगतीला बसून घ्यावं.” इतक्या मानाने त्याला कधी कुणी बोलावलं नव्हतं. तो लिंबू उपिटावर पिळून जेवायला बसला.

शेवटी सुभेदारांच्या चुलत्यांनी निदान केलं. “आरं, भूत न्हवं न् बिघाड न्हवं. ह्यो सरळसरळ मानपानाचा रुसवा हाय. टॉवेल-टोपी आना.”

सगळ्यांना एकदम पटलं. भुताचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं, मशीनचं काय करायचं हे त्याहून नव्हतं, पण रुसलेल्या पाहुण्याचं काय करायचं यात सातारा-सांगलीचा हात कोण धरणार! आहेराच्या गठ्ठ्यातून टॉवेल काढला. पहिला सुती निघाला, तो ओशाळून परत ठेवला आणि टर्किश काढला. तो गॅलरीच्या कठड्यावर घातला. टोपी दाराच्या कडीला. पायरीवर नारळ. फेट्याचा प्रश्न आला. बंगल्याला डोकं कुठलं? बराच खल झाला. मग मांडववाल्याने वर बोट केलं. गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती, गोल आणि वरून निमुळती.

पताका करायला आणलेला भगव्या कापडाचा अख्खा तागा घेऊन फेटेवाला शिडी चढला. या खेपेला घराने अडवलं नाही, उलट सनई लावली. टाकीला तुऱ्यासकट फेटा बसला. रस्त्यावरून जाणारी एसटी थांबली आणि ड्रायव्हरने उतरून फोटो काढला. जयराजने मोबाइलवरच्या पत्रिकेत मामांच्या नावाआधीचं ‘कै.’ पुसून टाकलं, खाली ‘मुलीचे मामा, छावणी बंगला’ असं ठळक घातलं आणि सगळ्या ग्रुपांवर टाकली. मग सगळ्यांनी हात जोडले. सुभेदारांनी, मनावर दगड ठेवून, वाकून नमस्कारही केला.

“बरं,” घर म्हणालं.

सुभेदारांनी पाठ सरळ केली.

“पर आसं न्हाई.”

“मग कसं?” सुभेदार कळवळून म्हणाले. “काय पायजे ते तरी सांग की मर्दा!”

घर गप्प. रुसलेला माणूस काय हवं ते कधी सांगत नाही. सांगितलं तर ती मागणी झाली, रुसवा कसला? मागणी पुरवून सुटता येतं. रुसव्यात समोरच्याने ओळखावं लागतं, आणि चुकत राहावं लागतं.

तेवढ्यात शिरवळहून प्रियदर्शनी आली. गाडीतून उतरून तिने आधी टाकीवरचा फेटा नीट बघून घेतला. मग लॅपटॉप उघडून तिने बरीच खटपट केली. शेवटी ती लीलाबाईंजवळ आली.

“काकू, एकच उपाय आहे. याचं शिकलेलं सगळं पुसून टाकायचं. पुसलं की कुलपं आपोआप उघडतात. घर तुमच्या नावावर आहे, म्हणून अंगठा तुमचाच लागेल.”

“आन् आवाज?”

प्रियदर्शनीने मान खाली घातली. “तोही जाईल. परत कोरी पाटी.”

लीलाबाईंनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. तीन वर्षांनी मिळालेला भाऊ, तोही असा भिंतीतला, आणि तो आपल्याच अंगठ्याने पुसायचा. पण हातातला फोन वाजला. विहीणबाई. आवाजात आता गोडवा नव्हता. “आमी गाडी काढलीय. तितंच येतो आन् आमच्या डोळ्यांनी बघतो, काय परकार हाय त्यो.” वरच्या खिडकीत अंकिता रडत होती. लीलाबाईंनी लेकीकडे बघितलं आणि त्यांचं ठरलं.

“पुस,” त्या म्हणाल्या. “पर जरा दम धर. माझ्या भावाशी शेवटचं एक शबूद बोलते.”

उभ्याने बोलायचं म्हणून त्या पुढे झाल्या, पण पायांनी दगा दिला. कालच्या पहाटेपासून त्या पायांवर उभ्या होत्या. त्या नारळ बाजूला सारून पायरीवर मटकन बसल्या. अंकिताने वरून ते पाहिलं. “आई, काल सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही! मी बघतेय.” तिने खोलीतल्या रुखवताच्या ताटातला एक लाडू उचलला, ओढणीच्या टोकाला बांधला आणि गजांतून खाली सोडला. लाडू लीलाबाईंच्या नाकासमोर येऊन लोंबकळला.

“रुखवताचा लाडू मोडलास व्हय गं!” त्या सवयीने रागावल्या. पण हात आपोआप पुढे झाला. पदराने घाम पुसून त्यांनी तुकडा तोंडात टाकला. मागून कुणीतरी हाक मारली, “लीलाबाई, बँडवाले इचारत्यात…” आणि त्या उठणार, तोच सगळ्या स्पीकरांतून घर त्या माणसावर खेकसलं, “गप ऱ्हा रं! ती बसलीय.”

लीलाबाई घास चावायच्या थांबल्या.

“खा, लीले,” घर हळू म्हणालं. इतक्या हळू त्या आवाजात ते कधी बोललं नव्हतं. “सावकाश खा.”

आणि लीलाबाईंना मांडवांमागच्या त्या सगळ्या भट्ट्या आठवल्या. गुंडादादा रुसला की सगळे म्हणायचे, लीलाबाईला धाडा, तिचंच ऐकतो. त्या हातातलं काम टाकून ताट वाढून न्यायच्या. तो दुसरा क्रेट पायाने पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, “तू बसल्याबिगर म्या घास घेणार न्हाई.” मग त्या बसायच्या, त्याच ताटात जेवायच्या, आणि तो इकडचं तिकडचं बोलत बसायचा, माहेरच्या म्हशीचं, चिंचेच्या झाडाचं. त्यांचं ताट संपलं की तो उठायचा आणि टॉवेल सुती का असेना, खांद्यावर टाकून मांडवात जायचा. त्यांना वाटायचं, आपण भावाची समजूत काढली. इतक्या वर्षांत त्यांच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं की कुठल्याही लग्नात त्या बसल्या असतील, तर तेवढ्याच.

“दादा,” त्या वर बघत म्हणाल्या, “तू ह्याच्यासाठी रुसायचास?”

“त्यो का रुसायचा, ते मला काय ठावं?” घर म्हणालं. पहिल्यांदाच ते ‘त्यो’ म्हणालं. “म्या निस्ती लग्नं बघितली. समदी बसलेली असत्यात. तू धावत असतीस. त्यो रुसला, की मग तू बसून जेवतीस. टॉवेल दिल्यावर त्यो कवाच उठला न्हाई. तुझं खाऊन झालं की उठायचा. ह्या लग्नाला त्यो न्हवता. मला वाटलं, घराचं काम ह्येच आसंल.”

प्रियदर्शनीने लॅपटॉप हळूच मिटला. फौजेत गोळीबारालाही न हललेले सुभेदार ओल्या सफारीत जागचे हलले. मग त्यांनी मांडववाल्याकडून उपिटाची बशी घेतली, पाण्याचा तांब्या घेतला आणि दोन्ही तिच्यापुढे आणून ठेवलं. संसारात पहिल्यांदाच. लीलाबाईंनी रडत रडत लाडू संपवला, उपीट संपवलं. बशी रिकामी झाली आणि दार उघडलं. अर्धे केस मोकळे सोडून अंकिता धावत खाली आली आणि आईच्या गळ्यात पडली.

विहीणबाईंची गाडी फाटकात शिरली ती याच घटकेला. टाकीला फेटा, कठड्यावर टॉवेल, सफारीतून पाणी निथळणारे व्याही आणि पायरीवर नवरी आईला मिठी मारून रडतेय. लीलाबाईंनी तोंड पुसलं. आता खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

“इहीनबाई, म्या शपथ खोटी घेतली. बंगल्यात माझा भाऊ हाय. मी दमले की त्यो रुसतो.”

विहीणबाईंनी बंगल्याकडे बघितलं. त्या स्वतः पहाटेपासून उभ्या होत्या. वरमाई म्हणून मिरवताना पाय मोडून आले होते, आणि त्यांना अजून कुणी चहाही विचारला नव्हता.

“इहीनबाई, तुमीबी बसा,” घर म्हणालं. “च्या आनतोय अर्जुनराव.”

विहीणबाई पायरीवर लीलाबाईंच्या शेजारी बसल्या. “आसलं भूत,” पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, “रुखवतात मिळंल का वो?”

लग्न मुहूर्तावर लागलं. गुरुजींनी “मुलीचे मामा, मुलीला घेऊन या” असं म्हटल्यावर जयराजने मोबाइल उंच धरला आणि कार्यालयातल्या माइकवरून गुंडामामा असे काही गरजले, की बँडवाले दचकून मागे वळले. टर्किश टॉवेल परत आहेराच्या गठ्ठ्यात गेला. एवढ्या गडबडीतही सुभेदारांना त्याचा विसर पडला नव्हता.

टाकीवरचा फेटा मात्र कुणी काढला नाही. उन्हाने त्याचा रंग उडालाय. दिवाळीला, जत्रेला, पाहुण्यांच्या गर्दीत मधूनच अख्खा बंगला अंधारतो, दारं लागतात आणि आतून तो आवाज येतो. बाहेरच्यांच्या अंगावर काटा येतो. आत सुभेदार कुठूनतरी घाईने पाट शोधून आणतात, लीलाबाई कपाळाला हात लावून बसतात आणि ताट संपलं की दिवे येतात.

परवा एसटीत शेजारच्या बाईने त्यांना विचारलं, “आवं मावशी, तुमी त्याच बाजूच्या न्हवं? त्यो बंगला खरंच झपाटलेला हाय?”

“हाय की,” लीलाबाई म्हणाल्या. “तुमच्याकडं न्हाई व्हय?”